सलंगावरच्या माशांची चोरी

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात, दिवसाढवळ्या, गावादेखत वच्छलाबाई मेश्राम हिने आमच्या मोहबोडीतल्या समद्या घरांचे मासे आणि सरपंचांचा ट्रॅक्टर पळवला. पळवताना तिनं ज्यांचा उद्धार केला त्यांत मी होतो, आणि मागे चिखलातून धावत तिचा उद्धार करणाऱ्यांतही मी होतो. म्हणून ही हकिगत मीच सांगितलेली बरी. गावातले बाकीचे लोक ती सांगताना आपण धावत होतो एवढा भाग गाळतात.

मी भूषण, इथला डाकसेवक. आमचं घराणं मोहाडीकडचं, विणकरांचं; पाण्याशी आमचा संबंध सूत भिजवण्यापुरता. नोकरीनं पंधरा वर्षांपूर्वी मोहबोडीत आणून टाकलं, तो इथलाच झालो. गाव नाकाडोंगरी आणि आंबागड यांच्या मधल्या जंगलपट्टीत. वर टेकाडावर शाळा, तिच्या उतारावर गाव, गावाला लागून तलाव, आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, नाल्याच्या काठानं बौद्धांची वस्ती. हे गाव ज्यांनी वसवलं त्यांनी पाळीखाली कोणाला ठेवायचं याचा चांगला विचार केला होता, असं वच्छलाबाई म्हणते. तिचं घर त्या वस्तीतलं पाळीपासून तिसरं.

तलाव मालगुजारांच्या काळचा, शंभराच्या वर पावसाळे पाहिलेला. तो भरला की जादाचं पाणी एका बाजूच्या बुटक्या दगडी बांधावरून वाहून जातं; त्याला आमच्याकडे सलंग म्हणतात. शेतांना पाणी सोडायचं जे दार असतं ते तुडुम. सलंग वाहू लागला की गावाला घरात बसवत नाही. पाण्याबरोबर तलावातले मासे खाली उड्या घेतात, आणि जाळी, टोपल्या, मच्छरदाण्या, जे हाताला येईल ते घेऊन माणसं सलंगाच्या पायथ्याशी उभी राहतात. तीन दिवस झडीनं कोंडून ठेवलेलं गाव एकदम जत्रेसारखं होतं.

त्या माशांचा एक कायदा आहे. सलंगाचा मासा कोणी परस्पर घरी नेत नाही. सगळे मासे एका ढिगात पडतात, मग जितकी घरं तितके वाटे. वाटे पाडून झाले की एक माणूस ढिगाकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका वाट्यावर काडी ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठ केलेला माणूस नाव घेतो. कोणाला मोठा रोहू गेला, कोणाला काटेच गेले, तक्रार नाही. हा पाठ करायचा नियम वच्छलाबाईनं आणला. ती लग्न होऊन आली तेव्हा वाटे डोळे उघडे ठेवून पाडले जायचे, आणि पाळीखालच्या वस्तीला दरवर्षी बोटाएवढे मासे जायचे. एका वर्षी ती ढिगावर जाऊन बसली आणि म्हणाली, वाटणाऱ्याचे डोळे आंधळे केल्याशिवाय मी उठत नाही. तेव्हा ती वीस वर्षांची होती. सासरे आनंदराव लाजेनं घरी निघून गेले, पण ती उठली नाही.

एवढ्यावरून बाई कशी ते कळेल. माहेर नाकाडोंगरीचं. लहानपणापासून तेंदूपत्ता, धानाची रोवणी, रोजगार हमीची मातीकामं. नवरा यादोराव, चिखला गावच्या खाणीत जमिनीखाली ड्रिल मशीनवर अठ्ठावीस वर्षं. त्या मशीननं यादोरावांचे कान नेले, आणि त्यांच्याशी बोलता बोलता वच्छलाबाईचा आवाज वाढत गेला. ती भाजीला मीठ आहे का असं विचारते तेव्हा आमच्या पोस्टात ऐकू येतं. गावानं तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. ती बोलू लागली की लोक समजूतदारपणे हसत आणि आपलं काम करत. आवाज मोठा असला की त्यातलं म्हणणं लहान वाटतं की काय, कोण जाणे. मीही हसत असे.

यादोरावांनी तिला खाणीतली एक गोष्ट शिकवली होती. खाली छताला टेकू दिलेले लाकडी खांब असतात. छत खाली यायच्या आधी ते करकरतात. खाणकामगार म्हणतात, लाकूड बोललं. लाकूड बोललं की विचारायचं नाही. खरंच बोललं का, तू ऐकलंस का, मुकादमाला सांगू का, काही नाही. पाय उचलायचे. वर उजेडात आल्यावर हवी तेवढी चर्चा करायची. वच्छलाबाईला ते फार पटलं होतं. ती म्हणायची, खाणीतली माणसं जमिनीखाली राहून शहाणी, आणि आपल्याला एवढ्या उजेडात राहून काही दिसत नाही.

त्या ऑगस्टाच्या नऊ वर्षं आधी तलावाचं जुनं तुडुम बुजवून शेजारी नवं बांधलं. वच्छलाबाई त्या कामावर होती. जुन्या तुडुमाच्या जागी पाळीत मोठं भगदाड होतं. ते चिकण काळ्या मातीनं भरायचं, थरावर थर, पाणी शिंपून, धुमसानं कुटून. तसं न करता दोन दिवसांत ट्रॉल्याच्या ट्रॉल्या लाल मुरूम ओतला आणि वर हातभर काळी माती पसरली. हिनं काम थांबवलं. मुरमात पाणी ठरत नाही, एक दिवस वाट काढेल, असं ठेकेदाराच्या मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, बाई, तू घमेलं उचल, इंजिनिअर होऊ नको. मग तिनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. तिचे सगळे अर्ज मीच लिहायचो, हातपंपाचे, रेशनचे, रस्त्याचे. दोन महिन्यांनी उत्तर आलं की अर्ज संबंधितांकडे पाठवला आहे. ते उत्तर मीच तिच्या घरी पोचवलं. संबंधित कोण ते आजपर्यंत कळलेलं नाही.

म्हणजे पाळ कुठे कच्ची आहे ते मला माहीत होतं, माझ्या अक्षरात. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सांगताना माझी मान खाली जाते.

त्या ऑगस्टात तीन दिवस आणि तीन रात्री पाऊस पडला. वीज गेली, मोबाइलचा टॉवर गेला, नाकाडोंगरीकडचा रस्ता नाल्यानं तोडला. त्यात त्या वर्षी गावानं शहाणपणा केलेला होता. आदल्या पावसाळ्यात तलावात सोडलेलं मत्स्यबीज सलंगावरून वाहून गेलं, म्हणून ग्रामसभेत ठरलं की सलंगावर बांबूच्या ताट्या लावायच्या. पाणी जाईल, मासे राहतील. घरटी एक ताटी. वच्छलाबाईनंही एक विणून दिली, आणि चांगली घट्ट विणून दिली. वाहून आलेला पाला, बेशरमीच्या झुडपांच्या फांद्या, गवत त्या ताट्यांना चिकटत गेलं. सलंग वाहत होता, पण जेवढा वाहायला हवा त्याच्या निम्मा. मासे मात्र ताट्यांवरून उड्या मारून येतच होते, आणि आम्हाला तेवढंच दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी पाऊस ओसरला आणि दहाच्या सुमारास दोनशे माणसं सलंगाखाली. मी आयुष्यात पहिल्यांदा एक कतला धरला. पाच किलोचा तरी असेल. विणकराच्या पोरानं मासा धरला म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो मासा ट्रॉलीत टाकताना मला जो आनंद झाला तो नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. ट्रॉली सरपंच भय्याजींच्या ट्रॅक्टरची. वाटे पडेपर्यंत सगळे मासे तिच्यात टाकायचे ठरलं होतं. ट्रॅक्टर पांदणीच्या, म्हणजे वर जाणाऱ्या शेतवाटेच्या, तोंडाशी, शाळेकडे तोंड करून उभा होता.

वच्छलाबाई त्याच वेळी पाळीच्या पायथ्यानं येत होती. धानाचे बांध पाहायला गेली होती. जुन्या तुडुमाच्या जागी पाळीखाली थोडं पाणी नेहमीच पाझरायचं, नितळ, बायका त्यात पाय धुवायच्या. त्या दिवशी ते मनगटाएवढं झालं होतं आणि लाल झालं होतं. तिनं ओंजळ खाली धरली. पाणी गळून गेलं आणि ओंजळीत मुरमाची खडी राहिली.

ती विचारायला थांबली नाही. धावत घरी गेली आणि सून रीनाला म्हणाली, "वस्ती खाली कर." रीना गावाची आशा वर्कर. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला दिसत नाही, हे तिला तोंडपाठ. ती कधी आवाज चढवत नाही. तिनं दारोदार जाऊन पोलिओचा डोस पाजायला आल्यासारखं शांतपणे सांगितलं, उठा, शाळेत जायचं आहे, आता. आणि घरात होते ते सगळे निघाले. सगळ्यात आधी यादोराव उठले. त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता. बायकोचं तोंड पाहिलं, काठी घेतली आणि चालू लागले.

राहिलो आम्ही, सलंगाखालचे शहाणे.

वच्छलाबाई धापा टाकत आली ती थेट भय्याजींसमोर. भय्याजी माणूस वाईट नाही. लुंगी वर खोचून गुडघाभर पाण्यात उभे होते.

"भय्याजी, लोकं हटवा अठून. जुन्या तुडुमापासून पाळ फुटून राहिली."

"अवो वच्छलाबाई, तीन दिवसांची झड हाय. पाझर तं वाढनच ना."

"पाझर नाई जी. मुरूम येऊन राहिला. हे पाहा." तिनं मूठ उघडली.

भय्याजींनी मुठीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे पाहत होता. कोणाच्याच चेहऱ्यावर भीती दिसली नाही, म्हणून मलाही ती वाटली नाही. दोनशे माणसं एकमेकांचे चेहरे वाचत होती आणि सगळ्या चेहऱ्यांवर मासेच होते. आज मला याची शरम वाटते. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की बाई चांगल्या खेळाचा विचका करणार.

"शंभर वर्सं झाले, पाळ हालली नाई," कोणीतरी म्हणालं.

"शंभर वर्सं काळी माती होती!" ती ओरडली. "भूषण, तू सांग ना! तूच लिवलं होतं न अर्जात!"

मी म्हणालो, "मावशी, बघतो, दुपारी साहेबांना फोन लावतो." टॉवर बंद होता हे मला ठाऊक होतं.

पुंडलिकराव शेजारी जाळं झटकत होते. सत्तरीचे, तलावात वाढलेले, गावात त्यांच्याइतकं पाणी कोणी ओळखत नाही असं सगळे मानत. ते हसून म्हणाले, "पयले हलगी वाजे तं गाव उठे. आता तोंडानं बोंबलून कोन उठते? तुमच्या वस्तीत असन कोनी वाजवनारा, तं आन त्याले."

त्यांनी ते दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. जुन्या माणसांना जुनी व्यवस्था आठवते, तशी आठवली. पण वच्छलाबाई ताठ झाली. "माह्या सासऱ्यानं छप्पन साली थे हलगी याच तलावात फेकली, काका. आमी नाई वाजवत. गावाले जगायचं असन तं गावानं आपले कान उघडावे."

मग ती सलंगावर चढली आणि ताट्या उपटायला लागली. निदान पाणी तरी उतरेल. दोन ताट्या तिनं काढल्याही. पण मासे जातील म्हणून चार-पाच जणांनी तिला धरून खाली आणलं. धरणाऱ्यांत मी नव्हतो, सोडवणाऱ्यांतही नव्हतो. ती चिखलात उभी राहिली, केस सुटलेले, आणि तिनं आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मला वाटलं आता रडेल. पण ती वळली आणि तरातरा ट्रॅक्टरकडे चालत गेली.

तिचा मुलगा सुगत तिथेच उभा होता. तो चिखल्याला खाणीच्या मालवाहतुकीवर ट्रक चालवतो. पावसानं काम बंद म्हणून घरी होता. आमच्याकडे ट्रॅक्टरची चावी ट्रॅक्टरलाच असते.

"बस," ती म्हणाली. "शाळेवर ने."

"आई, हे भय्याजीचं..."

"बस म्हनतो न तुले!"

तो बसला. ती ट्रॉलीत चढली, माशांत गुडघ्यापर्यंत. ट्रॅक्टर धडधडला तेव्हा आम्ही वळून पाहिलं. वच्छलाबाईनं माझा कतला कल्ल्यात बोटं घालून वर उचलला आणि तिच्या त्या भोंग्यातून ओरडली, "मासे चालले रे! वाटे नाई भेटत कोनाले! समदे माहे!"

आता खरं सांगतो. पाळ फुटते म्हटल्यावर एक माणूस हलला नव्हता. वाट्याआधी ढिगाला हात लागला म्हटल्यावर दोनशे माणसं पाण्यातून उसळली. असं कधी झालं नव्हतं. दारू पिऊन, भांडून, कोर्टात जाऊनही सलंगाचे मासे कोणी पळवले नव्हते, आणि पळवणारी कोण, तर जिनं वाटणाऱ्याची पाठ फिरवली ती! त्या रागाला काही मोजमाप नव्हतं. भय्याजी लुंगी सावरत सगळ्यांच्या पुढे. बायका टोपल्या घेऊन मागे. मी धावताना असे शब्द वापरले जे मी डाक वाटताना कधी वापरत नाही.

पांदण चिखलाची, चढाची. ट्रॅक्टर रडत रडत चढत होता, आता सापडेल असं प्रत्येकाला वाटत होतं. सुगत मुद्दाम तसा चालवत होता हे नंतर कळलं. मागचे लोक थकून रेंगाळले की वच्छलाबाई दोन मासे काढून त्यांच्या अंगावर भिरकवायची आणि वर म्हणायची, "या! घ्या! वाटे पायजे तं वर या, नाई तं असा मार खा!" एक शिंगटी माझ्या छातीवर बसली. काटा लागला. मी आणखी जोरात धावलो.

ट्रॅक्टर शाळेच्या मैदानात थांबला. भय्याजींनी ट्रॉलीच्या फळीला हात घातला आणि दुसऱ्या हातानं वच्छलाबाईचा पदर धरला. तेवढ्यात खालून आवाज आला. मोठा नव्हता. ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा, आणि मग लांबलेला. आम्ही वळलो. जुन्या तुडुमाच्या जागी पाळ बसली. तिथून तांबडं पाणी निघालं, आधी खोलीएवढं, मग पाहता पाहता अख्ख्या गल्लीएवढं. सलंगाखाली आम्ही जिथे उभे होतो ती जागा दिसेनाशी झाली. वस्तीतली पहिली घरं गेली, दुसरी गेली. तिसरं घर वच्छलाबाईचं. त्याच्या छपराचे कवेलू क्षणभर पाण्यावर तसेच राहिले, मग विखुरले.

कोणी किंचाळलं नाही. आपत्तीत माणसं किंचाळतात असं आपण समजतो. सुगतनं ट्रॅक्टरची चावी काढून दिली, ती भय्याजींनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिसा दोनदा चाचपून पाहिला. एक बाई कोरड्या लुगड्याची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. भय्याजींच्या दुसऱ्या हातात वच्छलाबाईचा पदर होता, तो त्यांनी सोडला आणि हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

वच्छलाबाई ट्रॉलीत उभी राहून माणसं मोजत होती. रीनानं वस्तीतली सांगितली, सगळी होती. वरच्या गावातली मोजली. मग पुन्हा मोजली.

"पुंडलिककाका कोठी हाय?"

मग एक बाई म्हणाली, ते निघालेच नव्हते. जाऊ द्या मासे, मी नवीन धरतो, आता गर्दी बी नाई, असं म्हणाले होते. वच्छलाबाई ट्रॉलीच्या फळीवर बसली आणि तिनं कपाळावर मूठ मारून घेतली. पुंडलिकराव तिसऱ्या दिवशी सापडले, दोन कोसांवर, बांबूच्या बेटात. तिला हलगी आणायला सांगणाऱ्या त्या म्हाताऱ्यासाठी ती जितकी रडली तितकी स्वतःच्या घरासाठी रडली नाही. म्हणत होती, त्याच्या अंगावर एक मासा फेकला असता तर थो बी आला असता.

त्या संध्याकाळी शाळेच्या खिचडीच्या पातेल्यांत मासे शिजले. कोणीतरी सवयीनं वाटे पाडायला बसलं, तर वच्छलाबाईनं हाकललं. "वाटे कायचे? घर कोनाचं राहिलं?" वरच्या गावातली घरं राहिली होती, पण त्या रात्री त्या घरांतलीही बरीच माणसं शाळेतच जेवली. मी जेवलो. छातीतला काटा दुखत होता आणि रस्सा चांगला झाला होता.

पाळ फुटल्याच्या पाचव्या दिवशी रस्ता उघडला आणि पंचनाम्याला एक तरुण इंजिनिअर आला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. सगळं गाव जमलं. त्यानं फॉर्म आधीच भरत आणला होता. वाचून दाखवला: अतिवृष्टीमुळे तलाव फुटला, नैसर्गिक आपत्ती, इतकी घरं, इतकी जनावरं, एक मनुष्यहानी. पंचांनी सह्या कराव्यात.

"थांबा जी," वच्छलाबाई म्हणाली. पाच दिवस तेच लुगडं अंगावर होतं. "पाऊस पडला हे खरं. पन पाळ पावसानं नाई फुटली. जुन्या तुडुमात काळी माती भराची सोडून मुरूम भरला. म्या माह्या डोक्यावर वाहिला. थे लिवा. अन् सलंगावर ताट्या आमी लावल्या, त्यानं पानी अडलं. थे बी लिवा. एक ताटी माह्या हातची होती."

व्हरांड्यात कुजबूज झाली. मुरमाचं ठीक होतं, ताट्यांचं कोणाला नको होतं. इंजिनिअर समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, असं लिहिलं तर चौकशी लागेल. मदत लांबेल. नैसर्गिक लिहिलं की लगेच मिळते. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

"घर माह्यं गेलं, साहेब. मदतीची घाई मलेच जास्त हाय. तरी बी लिवा. नाई तं उद्या तुमी पुन्हा मुरूम भरसान, आमी पुन्हा ताट्या लावू, अन् पुंडलिककाका आपल्या पायानं बुडाले असं होईन."

भय्याजी उठले. त्यांनी तुमसरहून शाल आणि नारळ मागवून ठेवला होता. सत्कार शेवटी करायचा होता, पण वेळ पाहून त्यांनी तो आधीच काढला. डोळ्यांत खरोखर पाणी होतं. ते खोटं नव्हतं, मी जवळून पाहिलं. हात जोडून म्हणाले, "साहेब, ही बाई नाई, देवी हाय आमच्या गावाची. दोनशे जीव वाचवले तिनं. आता देवीनं एवढं पोटात घालावं, गावाचं पाहावं." आणि शाल तिच्या खांद्यावर टाकायला पुढे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

वच्छलाबाईनं शाल हातानं अडवली.

"देवी नोका करू मले, भय्याजी. देवीचं आयकाव लागत नाई. नारळ फोडला, हात जोडले, का मानूस मोकळा. मी बाई हाओ. चार दिवसांपयले सलंगावर म्या मूठ उघडून दाखवली, तं तुमी मानलं नाई. आता मान देऊन राहिले, तरी आयकून नाई राहिले. मले मान नोको. माह्यं आयका."

टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही. भय्याजी शाल तशीच धरून उभे होते. मग त्यांनी ती हळूच टेबलावर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला, आणि इंजिनिअरला म्हणाले, "लिवा साहेब. बाई सांगन तसं लिवा. ताट्याचा ठराव माह्या सहीचा हाय."

इंजिनिअरनं फॉर्म पुढे ओढला. मग 'नैसर्गिक' या शब्दावर आडवी रेघ मारली, पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि वर पाहिलं.

"मुरूम नेमका किती दिवस भरत होते, बाई?"

ती त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि सांगू लागली.